सरकीतलं मडकं

गोजराबाईनं माहेराहून आणलेल्या वस्तूंत नवऱ्याला न पटलेली वस्तू एकच होती, आणि ती नेमकी जमिनीत रुजून बसली होती. द्राक्षाचा वेल. तिचा बाप मोगलाईत, हिंगोलीकडं, एका जागीरदाराच्या बागेत माळी होता. लेकीला सासरी लावताना त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून एक काडी दिली आणि सोनं दिल्यासारखं तोंड केलं. ती काडी पुंजाजीच्या मळ्यात विहिरीशी, मोटेचं पाणी ओततात त्या थारोळ्याशेजारी लागली. पांगाऱ्याच्या खांबांवर मांडव चढला. आता त्याच्या सावलीत बाज टाकून सासरा झोपत असे.

पुंजाजीचं म्हणणं वावगं नव्हतं. वांगी, मिरची, मेथी वाशीमच्या बाजारात टोपली खाली ठेवायच्या आत खपायची. द्राक्षं घेणारी माणसं मात्र थोडी, एक तर वकील नाहीतर आजारी. बरं, वेल उन्हाळ्यात पाणी प्यायचा बैलासारखं. चैत्रात विहीर तळाला गेली की वेलाला दिलेलं पाणी वांग्याच्या तोंडचं काढून दिलेलं असायचं. म्हणून त्यानं दिवाळीतच सांगून ठेवलं की या साली फळ नीट आलं तर बरं, नाहीतर शिवरात्र झाल्यावर वेल उपटायचा आणि तिथं वांगी लावायची. सांगितलं त्यानं आईला, ऐकायचं होतं बायकोनं. पुंजाजी माळकरी होता, शब्दाला पक्का होता, आणि ही त्या घरातली मोठीच अडचण होती.

बोलून काही होत नाही हे गोजराबाईला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. ती वेलापाशी जास्त वेळ काढू लागली एवढंच.

फळ आलं, आणि असं आलं की पुंजाजीलाही वर बघावं लागलं. हिरवट पिवळे घड, बोराएवढे मणी. पण माघात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि त्याच्यामागून धुई पडली. सकाळी विहिरीवरचा माणूस दिसेना, उन्हं वर आली की सगळं लख्ख. असं पुष्कळ दिवस चाललं. मण्यांवर आधी तांबूस डाग आले, मग सालं मऊ पडली, मग त्यांच्यावर चुलीतल्या राखेसारखी बुरशी धरली. गोजराबाई पदरानं एकेक घड पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा राखाडलेला असायचा.

वाशीमचा एक फळवाला दरसाल माल बघायला यायचा. तो आला, मांडवाखाली उभा राहिला, एक घड त्यानं खालून हातावर तोलला. हात चिकट झाला तसा त्यानं तो शेजारी उभ्या असलेल्या पुंजाजीच्या उपरण्याला पुसला. बोलला मात्र गोड. बकऱ्या असतील तर त्यांना घाला म्हणाला आणि चहा न घेता गेला. पुंजाजीनं ते उपरणं विहिरीवर धुतलं. धुताना तो दगडावर जरा जास्तच आपटत होता.

त्याच दिवशी वेल गेला असता. वाचवला तो रंगूबाईनं, म्हणजे पुंजाजीच्या आईनं, आणि तेही सुनेवरच्या मायेनं नव्हे. त्या घरात दरसाल कुठल्याही झाडाचं पहिलं फळ वाशीमच्या बालाजीला जायचं. ते गेल्याशिवाय घरातलं कुणी त्या झाडाचं फळ तोंडात घालत नसे, आणि देवाचं देणं बाकी असलेल्या झाडाला कुऱ्हाडही लागत नसे. पुंजाजी म्हणाला, मग आजच एक घड नेऊन देतो. रंगूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"किडकं फळ देवाले नेशीन? तुह्या सासऱ्याच्या ताटात तरी वाढशीन का थे?"

चांगला घड नाही म्हणून देवाला देता येत नाही, आणि देवाला दिला नाही म्हणून वेल तोडता येत नाही. असा तो वेल अधांतरी लोंबकळत राहिला. आई म्हणाली, एखादा चांगला घड सापडला की नेऊन दे, मग तुझं तू बघ. घड शोधायचं काम अर्थातच गोजराबाईकडं आलं.

ती रोज मांडवाखाली फिरायची, मान वर करून, आणि देवाजवळ उलटंच मागणं मागायची. एकदा अगदी मधल्या खांबाजवळ, पानांच्या आड, एक निर्मळ घड तिला दिसलाही. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि शेजारची पानं ओढून त्याच्यावर घेतली. पुढं तोही डागाळला. तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पुंजाजीनं वेलाचं पाणी बंद केलं. भांडण म्हणून नव्हे, त्याच्या मते वाया जाणारं पाणी वाचवलं. ती मोटेचं पाणी वळवायला वाफ्यात उभी असली की तो धावेवरून बैल हाकताना ओरडून सांगायचा, मिरचीला दे, वांग्याला दे, मेथीला दे. वेलाचं नाव तो घेत नसे. सकाळी धुई आणि दुपारी ऊन, असं चालून मणी वाळत गेले. बोराएवढे होते ते वाळून तपकिरी आणि सुरकुतलेले झाले. गांधीलमाशा मात्र मांडव सोडत नव्हत्या. आपल्या घरात यंदा कुणी एक मणी चाखला नाही आणि ह्यांची चंगळ चालली आहे, असं रंगूबाई म्हणायची.

घरात दुसरी काळजी होती सासऱ्याची. शालिग्रामला पौषात ताप येऊन गेला, खोकला राहिला, आणि तोंडाची चव गेली ती गेलीच. ठेचा असो की पुरण, म्हातारा म्हणायचा, माती आहे. दोन घास खाऊन ताट सरकवायचा. एके काळी हा माणूस पंगतीत वाढप्यांना दमवायचा. आता बाजेवर त्याच्या बरगड्या मोजता येत. पुंजाजी रोज बाजारातून काहीतरी आणायचा, कधी पेढा, कधी संत्रं. म्हातारा ते हातात धरून बसायचा आणि मग कुत्र्याला नाहीतर शेजारच्या पोरांना द्यायचा. पुंजाजी हे बघायचा आणि गोठ्यात निघून जायचा.

म्हणून जऊळक्याहून गोविंदसिंग वैद्याला बोलावलं. गोविंदसिंग तट्टूवरून फिरायचा. औषधापेक्षा बोलणं जास्त द्यायचा, पण दोन्हींचा गुण येतो असं लोक म्हणत. त्यानं मांडवाखाली म्हाताऱ्याची नाडी धरली, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच दुसरा हात वर करून एका घडातले मणी तोडून तोंडात टाकले. सवयच होती माणसाला. कुणाच्या घरी शेंगा, कुणाच्या घरी हरभरा, जे हाताला येईल ते.

रंगूबाई किंचाळलीच. गोजराबाईच्या हातातला तांब्या कलंडला. देवाच्या आधी परक्यानं खाल्लं, तेही बुरशीचं. सगळ्यांनी मिळून सांगितलं तेव्हा गोविंदसिंगनं डोळे उघडले. पण तो थुंकला नाही. आणखी दोन मणी तोडून त्यानं जिभेवर फिरवले.

"मी खाल्लं नाई, मावशी. वैद्य खात नसते, परीक्षा करत असते," तो म्हणाला. "अन् हे सडलं म्हून कोनं सांगतलं तुमाले? शहद हाय शहद."

मग त्यानं सांगितलं की याचं द्राक्षासव करा, म्हाताऱ्याला दोन वेळा जेवणानंतर द्या, जिभेला चव येईल. फक्त वाळलेले मणी घ्यायचे, जसे वाळतील तसे. रस काढायचा, चुलीवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, निवला की आंबायला धायटीची फुलं टाकून मडक्यात घालायचा आणि मडकं उबेला ठेवायचं. एवढं सांगून त्यानं आणखी एकदा परीक्षा केली आणि तट्टूवर बसला.

तो गेल्यावर रंगूबाई म्हणाली, एकदा परक्याचं तोंड लागलं, आता हे फळ देवाचं राहिलं नाही. पुंजाजीच्या हे लगेच ध्यानात आलं. देवाचं नाही म्हणजे कुऱ्हाडीला मोकळं. गोजराबाईच्याही ध्यानात आलं. इतके दिवस ज्यानं वेल राखला तो देवच बाजूला झाला होता.

पुंजाजी उठलाही. मग त्याची नजर बाजेवरच्या बापाकडं गेली आणि तो खाली बसला.

"बाच्या औषधापुरते काढून घे," तो बायकोला म्हणाला. एवढ्या दिवसांत वेलाबद्दल तो तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होता. "गुन आला तं राहू देऊ. नाई आला तं मंग मले कोनी काही म्हनू नका."

म्हणजे आता सगळं एका मडक्यावर आलं.

गोजराबाई रोज उन्हं तापल्यावर मांडवाखाली उभी राहायची. घडातला एकेक मणी बोटानं दाबून बघायची. वाळला असेल तो घ्यायचा, ओला असेल तो ठेवायचा. काळा पडून आंबूस वास येणारा वेगळा टाकायचा. मान दुखून यायची, गांधीलमाशी डसली की बोट भोपळ्याएवढं व्हायचं. पुंजाजी संध्याकाळी विचारायचा, झालं का. ती म्हणायची, अजून आहेत. होतेही, आणि ती घाईही करत नव्हती. फाल्गुन अर्धा सरला तेव्हा टोपली भरली.

रस काढायला दोघी बसल्या. मणी परातीत चुरले, धुवट लुगड्याच्या पदरात बांधले आणि दोघींनी दोन्हीकडून पीळ दिला. थेंब थेंब गळू लागला तो पाणी नव्हताच. दाट, भुरकट, काकवीसारखा. एवढ्या मोठ्या टोपलीतून पातेलं अर्धंही भरलं नाही. दोघींचे हात कोपरापर्यंत चिकटले. गोजराबाईनं चुलीकडं पातेलं नेलं तशी सासूनं तिला अडवलं.

ज्या चुलीवर नैवेद्य होतो तिच्यावर आसव चढणार नाही, असं रंगूबाईचं म्हणणं. औषध झालं तरी आसवच. गोजराबाई म्हणाली, मग बाहेर तीन दगड मांडते. त्यावर रंगूबाईनं कपाळाला हात लावला. बाहेर चूल पेटवून मडक्यात काही आटवायला लागलो तर आधी गाव येईल आणि गावामागून आबकारीचा शिपाई येईल. माळकऱ्याच्या दारात भट्टी लागली म्हणतील.

"पन वैद्यबुवानं आटवाले सांगतलं, आत्याबाई."

"इतले दिवस उन्हात आटूनच तं राह्यलं थे. आनखी किती आटवशीन?"

गोजराबाईला हे बोलणं पटलंच. चूल ती चूल, ऊन ते ऊन, आटणं एकच. रस कच्चाच मडक्यात गेला. तांड्यावरची हिरीबाई लाकडं विकायला यायची, तिनं रानातून धायटीची लाल फुलं आणून दिली होती, ती वरून टाकली. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं. उबेसाठी जागा कुठली, तर पडवीत बैलांसाठी सरकीचा ढीग होता. सरकीत हात घातला तर आत नेहमी ऊब लागते. दोघींनी मडकं त्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलं.

बैलांना सरकी घालायचं काम पुंजाजीचं. पहिल्यांदा त्याला ढिगातून बुडबुड ऐकू आली तेव्हा तो काठी घेऊन उंदीर शोधत बसला. कळल्यावर चिडला, म्हणाला, आता बैलांनी काय खावं. पण त्यानंतर तो सरकी दुसऱ्या बाजूनं काढू लागला. मडकं उघडं पडलं तर हातानं सरकी लोटून पुन्हा झाकायचा. हे गोजराबाईनं दारातून पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. बुडबुड हळूहळू कमी झाली, आणि चैत्र लागता लागता थांबली.

मडकं काढलं त्या दिवशी उन्हाचा नुसता भडका होता. मांडवाला पानं राहिली होती ती कडेनं करपलेली. सगळे म्हाताऱ्याच्या बाजेभोवती बसले. गोजराबाईनं रस गाळला. पिवळाधमक निघाला, जुन्या पितळेचा रंग. तिनं फुलपात्रात थोडा ओतून सासऱ्याच्या हातात दिला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिच्या बापानं दिलेली काडी, इतक्या वर्षांचं पाणी, मांडवाखालचे सगळे दिवस त्या फुलपात्रात होते.

म्हाताऱ्यानं घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. पुन्हा एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"मामाजी, कसं लागते?" गोजराबाईला राहवलं नाही.

"थांब," तो म्हणाला. "अजून लागूनच राह्यलं."

मग जरा वेळानं तो एकेक करून सांगायला लागला. आधी मध लागतो. मग वाळलेली बोरं. मग संत्र्याची साल वाळवून ठेवतात तिचा वास. आणि गोड गोड म्हणता म्हणता शेवटी जिभेच्या कडेला चिंच लागते, म्हणून तोंड गुळचट होत नाही, आणखी घ्यावंसं वाटतं. इतकं लांबलचक तो पौषानंतर बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यानं रंगूबाईकडं बघून विचारलं, घरात भाकर आहे का.

रंगूबाई भाकर आणायला उठली ती डोळे पुसतच. म्हातारा भाकर आणि कांदा खाऊ लागला. घास चावताना आवाज येत होता, आणि सगळे तो आवाज ऐकत बसले. रंगूबाईनं थोडं चाखलं, गोजराबाईनं चाखलं. इतकी वर्षं ती त्या वेलाची द्राक्षं खात होती, पण ही चव त्यात कधी नव्हती.

राहिला पुंजाजी. औषधच आहे, असं आई म्हणाली. त्यानं फुलपात्र घेतलं नाही, उजवा तळहात पुढं केला, देवळात करतात तसा. गोजराबाईनं तळहातावर ओतलं. त्यानं तोंडाला लावलं, गिळलं आणि सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला. फिरवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे तीर्थ नव्हे. तो ओशाळला. पण तोंडातली चव काही गेली नाही. त्यानं जीभ टाळूला लावली आणि हळूच विचारलं, आणखी आहे का.

त्या घटकेला गोजराबाई इतकी सुखावली की तिला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला.

आणि नेमका तेव्हा गोविंदसिंग तट्टूवरून उतरला. म्हाताऱ्याला जेवताना बघून तो आपलीच पाठ थोपटायला लागला. फुलपात्र हातात आलं तशी त्यानं वास घेतला, एक घोट घेतला आणि त्याचं बोलणं थांबलं. असं कधी होत नसे.

"काढा किती आटवला होता?" त्यानं विचारलं.

दोघी बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी रंगूबाईनंच चुलीची गोष्ट सांगितली. उन्हात आटल्याचंही सांगितलं. गोविंदसिंगनं आणखी एक घोट घेतला, मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"मावशी, मी सांगतलं होतं थे औषध. हे तं कच्चा रस आंबून शराब झाली. राजेलोकाच्या घरी बी असी नसन, पन शराबच."

पुंजाजीचा तळहात अजून ओला होता आणि केसही. तो उठला. कुणाकडं न बघता विहिरीकडं गेला. गळ्यातली तुळशीची माळ काढून त्यानं खांबाच्या खुंटीला अडकवली आणि थारोळ्यातलं पाणी डोक्यावर ओतत राहिला. गोजराबाईला वाटलं, आपण या माणसाचा धर्म बुडवला. आता वेल गेला तर गेला, हा पुन्हा आपल्याशी बोलला तरी पुष्कळ. रंगूबाई स्वतःला दोष देत होती, गोविंदसिंग एवढ्या उन्हात निघू नये म्हणून सावलीतच बसून परीक्षा करत होता, आणि म्हातारा दुसरी भाकर मागत होता.

अंघोळ झाल्यावर पुंजाजीनं माळ पुन्हा गळ्यात घातली. त्या दिवशी तो जेवला नाही आणि बोललाही नाही. कुऱ्हाड पडवीत होती तिथंच होती, पण गोजराबाईची नजर घडोघडी तिकडं जायची.

सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे मोट जुंपली. ती खोरं घेऊन वाफ्याशी जाऊन उभी राहिली. विहिरीला पाणी कमीच होतं, पहिली मोट अर्धीच भरून आली आणि थारोळ्यात ओतली गेली. पाटातून पाणी तिच्या पायाशी आलं. वांग्याची पानं सकाळीच माना टाकून होती. तिनं वांग्याच्या वाफ्याचं दार फोडायला खोरं उचललं.

"पह्यलं वेलाले दे," धावेवरून आवाज आला.

तिनं मान वर करून बघितलं. तो बैलांच्या पाठीशी पाठमोरा उभा होता.

"अन् वांग्याले?"

"वांगे कुठं पळून चालले? वेल कोरडा पडला कवाचा."

तिनं वांग्याच्या तोंडाशी माती ओढली आणि वेलाचं दार फोडलं. माघापासून तापलेल्या आळ्यात पाणी शिरलं तसा मातीचा चुर्र आवाज झाला. मांडवाखाली बाजेवर म्हातारा उठून बसला होता, पाय खाली सोडून. पाणी त्याच्या तळव्यांना लागलं तरी त्यानं पाय उचलले नाहीत.

पुंजाजी बैल मागं घेत येत होता. येता येता तो म्हणाला, "पुढल्या साली मी सोताच मांडवामांगं चूल मांडून देतो. कोन काय म्हनते थे मी पाहीन. पन काढा नीट आटवजो. वैद्यानं सांगतलं तसा."

"कायले आटवते?" बाजेवरून शालिग्राम बोलला. "पोरीनं केलं तसंच करू दे."

"बा, मंग मले नाई चाखता येनार."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला.

"नको चाखू," तो म्हणाला. "तेवढं मले उरन."

पुंजाजीनं बैलांना हाक दिली. मोट पुन्हा विहिरीत उतरली, आणि ती वर येईपर्यंत गोजराबाई पाण्यात पाय रोवून, खोऱ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली, मोठ्यानं हसत.